दृश्यवैभवाचे मोल : ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या खेळमालिकेच्या निमित्ताने

प्रास्ताविक

संगणकीय खेळांचा विचार आपल्या विद्याक्षेत्रात प्रायः दोनच अंगांनी होतो. मानसशास्त्राचे अभ्यासक त्यांच्याकडे व्यसनाच्या दृष्टीने पाहतात, तर वाणिज्य आणि संगणकशास्त्राचे अभ्यासक उद्योग व तंत्र म्हणून. नाटक, चित्रपट अथवा कादंबरी यांची कलाकृती म्हणून जशी चिकित्सा केली जाते, तशी खेळाची क्वचितच होते. परिणामी खेळांतील प्रगत ग्राफिक्सवर होणारा खर्च सार्थ आहे काय, हा प्रश्नही ग्राहकाच्या खिशापुरताच उरतो. वस्तुतः तो समीक्षेचा प्रश्न आहे. एखाद्या कलाप्रकाराने आपली साधनसंपत्ती कशावर वेचावी आणि त्या खर्चातून अनुभवात नेमकी कोणती भर पडते, हे समीक्षेनेच सांगावयाचे असते.

प्रस्तुत लेखातील मत थोडक्यात असे आहे. खेळात जे डोळ्यांना दिसते ते खेळाडूच्या कृतीत उतरत असेल, म्हणजे त्या दृश्याच्या आधारे तो काही करू, टाळू, ओळखू अथवा भोगू शकत असेल, तर त्यावरील खर्च सार्थ होय. ते केवळ पाहून पुढे जाण्यासाठी असेल, तर तो खर्च खेळाच्या दुसऱ्या कोणत्या तरी अंगातून वजा झालेला असतो. हा निकष तपासण्यासाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ही मालिका निवडली आहे. १९८९ पासून आजतागायत तिने संगणकीय चित्रणाच्या जवळजवळ सर्व अवस्था पाहिल्या आहेत. नव्वदच्या दशकात महाविद्यालयांच्या संगणक प्रयोगशाळांत (बहुधा पर्यवेक्षकाची नजर चुकवून) ज्यांनी डॉस प्रणालीवरील हा खेळ पाहिला, त्यांना तो राजपुत्र अपरिचित नाही. आणि या मालिकेचा एक अध्याय पुण्यात लिहिला गेला, ज्याची चर्चा मराठीत व्हावयास हवी.

अभावातून जन्मलेली सावली

जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने मूळ खेळ ‘अॅपल टू’ या संगणकासाठी रचला. हे यंत्र १९७७ चे. खेळ प्रसिद्ध झाला तेव्हा ते कालबाह्य होत आले होते. त्याच्या पडद्यावर २८० गुणिले १९२, म्हणजे ५३,७६० ठिपके मावत. स्मृती १२८ किलोबाइट. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीत मेकनरला माणसाच्या हालचालीतील जिवंतपणा आणावयाचा होता. त्याने आपल्या धाकट्या भावाला धावावयास, उडी मारावयास, कठड्याला लोंबकळून वर चढावयास लावले, त्याचे व्हिडिओ चित्रण केले आणि त्यातील एकेक चौकट गिरवून ती संगणकात उतरविली. सजीवपटांच्या क्षेत्रात मॅक्स फ्लायशर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हे तंत्र रूढ केले होते. घरगुती संगणकाच्या खेळात मात्र तोवर असे काही फारसे कोणी पाहिले नव्हते.

या हालचालीचा परिणाम केवळ नेत्रसुखाचा नव्हता. राजपुत्राच्या देहाला वजन आले. धावताना तो एकदम थांबत नाही, वळावयास क्षणभर घेतो, उडीपूर्वी पाय रोवतो. खेळाडूला हे वजन हिशेबात धरावे लागते. जमिनीतून वर येणारे अणकुचीदार सुळे आणि खोल विवरे यांच्यामध्ये एक पाऊल जास्त पडले तर मरण ठरलेले. सर्व कोडी सोडविण्यास वेळ साठच मिनिटांचा. म्हणजे त्या काळाच्या मानाने अत्यंत प्रगत असे हे चित्रण खेळाचा नियमच होऊन बसले. डोळ्यांनी पाहिलेली चाल हातांना शिकावी लागत होती.

या खेळातील सर्वांत अर्थपूर्ण घटना मात्र सामग्री संपल्यामुळे घडली. राजपुत्राच्या हालचालींनी स्मृती इतकी व्यापली होती की नव्या प्रतिस्पर्ध्यासाठी वेगळी चित्रे ठेवण्यास जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरने राजपुत्राचीच चित्रे किंचित सरकवून, एका तार्किक क्रियेने त्यांवरच आरोपित करून एक चमचमती, पोकळ आकृती मिळविली. हाच तो छायापुरुष. राजपुत्र आरशातून उडी मारतो तेव्हा तो दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो आणि राजपुत्राची प्राणशक्ती एका अंशावर येते. पुढे तो आपले औषध पिऊन टाकतो, आपल्यासमोर दार बंद करतो. अखेरीस दोघे तलवार घेऊन समोरासमोर येतात, आणि त्याच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. उपाय एकच : तलवार म्यान करून त्याच्या दिशेने चालत जाणे. दोघे एकरूप होतात आणि त्यानंतर राजपुत्र पोकळीत पाऊल टाकतो तेव्हा पायाखाली वाट उमटत जाते.

प्रतिपक्षी हा आपलाच अंश आहे, हे येथे कोणी बोलून दाखवीत नाही. ते खेळाडूच्या हाताला कळते, कारण वार न करण्याचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. साधनांच्या मर्यादेला अर्थ कसा लाभतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

भरताने नाट्यशास्त्रात केलेला लोकधर्मी आणि नाट्यधर्मी हा भेद येथे उपयुक्त ठरतो. लोकव्यवहार जसा आहे तसा दाखविणारी ती लोकधर्मी. संकेताने, अभिनयाने सूचित करणारी ती नाट्यधर्मी. रंगमंचाचे कल्पित विभाग पाडून, त्यावर घेतलेल्या एका फेरीने स्थलांतर सुचविण्याची कक्ष्याविभागाची पद्धत ही नाट्यधर्मीच. आपल्या तमाशात आणि दशावतारातही ती जिवंत आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात शकुंतलेला सतावणारा भ्रमर रंगमंचावर आणावा लागत नाही. नटीच्या चेहऱ्याने आणि हातांनीच तो दिसतो. मेकनरचा छायापुरुष या अर्थाने पूर्णतः नाट्यधर्मी आहे. त्याची चाल मात्र लोकधर्मी, प्रत्यक्ष देहावरून गिरविलेली. कोणत्या ठिकाणी कोणता धर्म हवा, याचा विवेक त्या खेळाच्या यशाच्या मुळाशी आहे; आणि या दोहोंपैकी लोकधर्मीचाच ध्यास पुढील काळातील खेळउद्योगाने घेतला.

त्रिमिती : एक अपयश, एक यश

१९९९ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ आला. त्या वेळी त्रिमिती ही प्रतिष्ठेची बाब होती, म्हणून राजपुत्रही त्रिमितीत गेला. परंतु नियंत्रणे अवघडली, कॅमेरा आड येऊ लागला, सदोष अवस्थेत खेळ बाजारात आला आणि उडीतील तो नेमकेपणा हरवला. त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

‘द सँड्स ऑफ टाइम’ (२००३) हा युबीसॉफ्टच्या माँट्रियल येथील चमूने मेकनरच्या सहभागाने केलेला खेळ मात्र सविस्तर विचार करण्यासारखा आहे. येथेही तंत्रज्ञान नवे आणि खर्चिक होते. परंतु त्रिमितीने अवकाशालाच कोड्याचे रूप दिले. राजवाड्यातील दालनात शिरताच कॅमेरा संथपणे फिरून सारी रचना दाखवितो : तडा गेलेली भिंत, अर्धवट तुटलेली तुळई, लोंबणारे पडदे, झुंबर. प्रत्येक वस्तू सौंदर्याचा भाग असते आणि त्याच वेळी वाटेचाही. भिंतीवरून धावत जाऊन कोणत्या खांबाला पकडता येईल, हे खेळाडूस वास्तू वाचून ठरवावे लागते. चित्र येथे भाषेसारखे वाचले जाते.

या खेळाचा कळस म्हणजे काळ मागे फिरविण्याची शक्ती. उडी चुकली, राजपुत्र खाली कोसळला, तर खंजिराच्या साह्याने गेले काही क्षण उलटे फिरविता येतात. हे साधावयाचे तर दृश्यातील प्रत्येक हलत्या गोष्टीची स्थिती सतत स्मृतीत नोंदवीत राहावे लागते. प्लेस्टेशन २ या यंत्राची मुख्य स्मृती ३२ मेगाबाइट होती. तिचा एक भाग पृष्ठभाग अधिक गुळगुळीत करण्यावर न वेचता भूतकाळ जपण्यावर वेचला गेला. कथाही त्याला जुळलेली. राजपुत्रच आपली हकीकत कोणाला तरी सांगत असतो. खेळाडू मेला की निवेदक स्वतःला दुरुस्त करतो, घडले ते असे नव्हे असे म्हणतो आणि आपण पुन्हा आधीच्या क्षणी येतो. मृत्यू ही खेळातील तांत्रिक सोय निवेदकाची चूक ठरते. काळ उलटताना पडद्याच्या कडा धूसर होतात, रंग विरतात. हा दृश्यपरिणाम शोभेचा नसून आपण कोणत्या काळात आहोत हे सांगणारा आहे. तंत्र, कथा आणि कृती यांचे असे ऐक्य या मालिकेत पुन्हा क्वचितच आढळले.

नंतरच्या भागांची नोंद पुरेशी आहे. २००८ च्या भागाने जलरंगासारखी चित्रमय शैली स्वीकारली. ती देखणी होती, परंतु एलिका ही सहचरी राजपुत्रास कधी मरूच देत नसल्याने त्या देखणेपणात धोका उरला नाही. दरम्यान ‘अॅसासिन्स क्रीड’ (२००७) ही मुळात राजपुत्राच्याच मालिकेचा भाग म्हणून योजलेली कल्पना स्वतंत्र झाली आणि कंपनीची साधने तिकडे वळली. नगरे मोठी, गर्दी दाट, पृष्ठभाग अधिकाधिक खरे.

खर्चाचे स्वरूप

येथे खर्च म्हणजे नेमके काय, हे पाहणे अगत्याचे आहे. आजच्या ‘फोर के’ पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. ‘अॅपल टू’च्या पडद्याच्या दीडशेपटींहून अधिक. सेकंदाला ६० चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक चित्रास साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ मिळतो. एवढ्या अवधीत प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावयाचा असतो. पूर्वी प्रकाश आणि सावल्या यांचा बराचसा आभास कलावंत आधीच रंगवून ठेवीत. २०१८ मध्ये एनव्हिडियाने ‘आरटीएक्स’ कार्डे आणली, तेव्हापासून प्रकाशकिरणांचा प्रत्यक्ष मागोवा घेण्याचे ‘रे ट्रेसिंग’ हे तंत्र घरगुती खेळांत शिरले. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये या तंत्राचे जे प्रसिद्ध रूप मांडले, त्यात एका चित्रास तासाहून अधिक वेळ लागत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे ही झेप कळते. तिचे कौतुक करण्यास कोणताही प्रत्यवाय नसावा.

परंतु किंमत पाहा. २००६ मध्ये त्या काळचे अत्युच्च कार्ड ‘८८०० जीटीएक्स’ ५९९ डॉलरना होते. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ‘आरटीएक्स ५०९०’ची घोषित किंमत १,९९९ डॉलर, भारतात दोन लाख रुपयांहून अधिक, आणि एकट्या कार्डाची विजेची भूक ५७५ वॉट. (तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या आपल्या सहकाऱ्याच्या वार्षिक मानधनाशी वाचकांनी ही रक्कम ताडून पाहावी.) एवढे करूनही सर्व ठिपके गणिताने निघत नाहीत. कमी ठिपक्यांचे चित्र काढून उरलेले न्यूरल नेटवर्कच्या अंदाजाने भरले जाते. या नव्या कार्डांत तर चारपैकी तीन चित्रे अशा अंदाजाने घडविता येतात. वास्तवाच्या हव्यासापोटी घेतलेल्या यंत्राने बहुतांश वास्तव अनुमानाने भरून द्यावे, यात एक विनोद आहे खरा.

रे ट्रेसिंगच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र गंभीर आहे. प्रकाश आपोआप योग्य पडू लागला की दालनागणिक खोटे दिवे बसविण्याचे कलावंताचे कष्ट वाचतात. हे खरे आहे. ‘मेट्रो एक्सोडस’च्या २०२१ मधील सुधारित आवृत्तीपासून काही खेळ या तंत्राशिवाय चालेनासे झाले, ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) हे अलीकडील उदाहरण. परंतु येथे खर्च नाहीसा न होता निर्मात्याच्या खात्यातून ग्राहकाच्या खात्यात सरकतो. जुने यंत्र असलेला खेळाडू दाराबाहेरच राहतो.

याहून मोठा खर्च निर्मितीचा. २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात सोनी कंपनीची कागदपत्रे सादर झाली. त्यांतील आकडे काळ्या शाईने खोडले होते, पण शाई पुरेशी काळी नव्हती. म्हणून जगाला कळले की ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ या खेळास सुमारे २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ला सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर लागले. हा सारा खर्च ग्राफिक्सचाच असे म्हणणे चुकीचे ठरेल. लेखन, अभिनय, चाचणी, वेतने हे सर्व त्यात आले. तथापि एकदा जवळून पाहता येईल असा चेहरा, ओलसर दिसेल असा दगड, वाऱ्याने हलेल असे प्रत्येक पाते देण्याचे ठरले की माणसे आणि वर्षे त्या प्रमाणात वाढतात, आणि इतके पैसे गुंतले की नवा प्रयोग करण्याचे धैर्य त्या प्रमाणात घटते. माझ्या मते ग्राफिक्सची खरी किंमत ही आहे. कार्डाची किंमत त्यापुढे किरकोळ.

पुण्यातील दोन खेळ

भारतीय कलावंत या दृश्यवैभवाच्या निर्मितीत दीर्घकाळ सहभागी आहेत. बंगळूरची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही संस्था १९९७ मध्ये सुरू झाली. परदेशी खेळांसाठी मोटारी, इमारती, वस्तू घडविण्यात तिने नाव कमावले आणि २०१९ मध्ये रॉकस्टार गेम्सने ती विकत घेतली. म्हणजे जगाच्या पडद्यावरील झगमगाटात आपला वाटा आहे, पण तो प्रायः दुसऱ्याने आखलेल्या चित्रात रंग भरण्याचा. २००८ पासून पुण्यात असलेल्या युबीसॉफ्टच्या स्टुडिओचे कामही बराच काळ सहनिर्मितीचेच होते.

म्हणून १० सप्टेंबर २०२० या दिवसाला महत्त्व आहे. ‘द सँड्स ऑफ टाइम’ची नवी आवृत्ती युबीसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील चमूंनी चालविली असल्याची घोषणा त्या दिवशी झाली. जगद्विख्यात मालिकेची मुख्य जबाबदारी प्रथमच येथील हातांत आली होती. खेळ २१ जानेवारी २०२१ रोजी ४० डॉलरना मिळणार होता. सोबत एक छोटी झलक दाखविण्यात आली आणि काही तासांत तिच्यावर टीकेचा भडिमार सुरू झाला : चेहरे निर्जीव आहेत, डोळ्यांत तेज नाही, पृष्ठभाग मागील पिढीच्या यंत्रांवरचे वाटतात. खेळाची तारीख प्रथम मार्च २०२१ पर्यंत पुढे गेली, मग अनिश्चित झाली. मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या चमूकडे सोपविण्यात आले. आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने हा प्रकल्पच रद्द केला.

या टीकेचे परीक्षण करताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. प्रेक्षकांना सर्वस्वी दोष देता येत नाही. जुन्या खेळाचे पुनर्निर्माण म्हणजे त्याचा देह तोच ठेवून कातडी बदलणे, असे कंपनीने स्वतःच सुचविले होते. ज्याने नवे पृष्ठ विकावयास काढले, त्याच्या मालाची परीक्षा पृष्ठावरूनच होणार. दाखविलेले चेहरे कमकुवत होते, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

तरीही या परीक्षेत काहीतरी मूलतः चुकले. ‘द सँड्स ऑफ टाइम’ खेळताना राजपुत्राचा चेहरा फारसा दिसतच नाही. कॅमेरा दूर असतो, बहुतेक वेळ त्याची पाठ दिसते, आणि खेळाडूचे लक्ष भिंतीवर, तुळईवर, पडद्यावर असते. झलक मात्र चित्रपटाच्या पद्धतीने, समीप दृश्यांनी बांधलेली होती. तिचा निवाडाही चित्रपटाच्या निकषांनी झाला. भिंतीवरची धाव हाताला कशी लागते, काळ उलटताना श्वास तसाच रोखला जातो काय, हे कोणी विचारले नाही, कारण ते पाहून कळणारे नव्हतेच. आणि माणसाचा चेहरा हे आजच्या चित्रणातील सर्वांत महागडे क्षेत्र आहे. नट, त्यांच्या स्नायूंची नोंद करणारी यंत्रणा, त्वचेखाली शिरणाऱ्या प्रकाशाचे गणित, या सर्वांवर अमाप खर्च करणाऱ्या वीस-बावीस कोटी डॉलरांच्या खेळांनी जो मानदंड रूढ केला, त्याच मापाने ४० डॉलरच्या या पुनर्निर्मितीला मोजण्यात आले. दृश्यवैभवाचा मानदंड असा चढत गेला की नवोदितांसाठी दार हळूहळू बंद होते. पुण्याच्या चमूची कुवत किती होती, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला.

योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच शहरातून दुसरा खेळ बाहेर पडला. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. त्याची नायिका भिंतीवरून धावते, खांबांवर चढते. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चे ऋण त्यात लपत नाही. लोकांकडून निधी उभारण्याचा प्रयत्न पूर्वी फसलेला, माणसे मोजकी. या अभावाला त्यांनी दिलेले उत्तर पाहण्यासारखे आहे. कॅमेरा दूर, उंचावर ठेवला. राजस्थानी वास्तुशैलीतील किल्ले आणि प्रासाद यांच्या पटात नायिका लहानशी दिसते. रंगयोजना पहाडी लघुचित्रांच्या वळणाची. कथाभाग छायाबाहुल्यांच्या खेळासारखा सांगितला आहे, त्यामुळे बोलणारा, रडणारा, हुबेहूब मानवी चेहरा दाखविण्याची वेळच येत नाही. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या खेळांच्या विभागात त्यास नामांकन मिळाले.

‘राजी’ हा निर्दोष खेळ नाही. लढाया लवकरच एकसुरी होतात, कथा घाईने आटोपते. त्याच्या यशाची मर्यादाही सांगितली पाहिजे : पहाडी चित्रशैली येथे पार्श्वभूमी म्हणून राहते, ती खेळाचा नियम होत नाही. लघुचित्रात एकाच चौकटीत अनेक काळ नांदतात, छताविना आतले दालन दिसते. या चमत्कारांतून कोडी रचता आली असती. तरीही नाट्यधर्मीची निवड हा दारिद्र्यावरचा सन्मान्य तोडगा ठरतो, एवढे या खेळाने दाखविले.

प्रतिवाद

साधे चित्रण निवडले म्हणजे प्रश्न सुटतो, अशी समजूत मात्र होऊ नये. जानेवारी २०२४ मध्ये युबीसॉफ्टच्याच माँपेलिये येथील चमूने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’ आणला. बाजूने दिसणारी, मूळ खेळाकडे परतणारी मांडणी. चित्रकथेसारखी ठळक रेषा. स्विचसारख्या दुर्बल यंत्रावरही सेकंदाला ६० चित्रे. मालिकेत प्रथमच फारसी संवाद. त्यातील एक युक्ती तर माझ्या निकषाचे मूर्तिमंत उदाहरण आहे : आज न सुटणाऱ्या जागेचे छायाचित्र घेऊन खेळाडू ते नकाशावर टाचून ठेवू शकतो. चित्र येथे स्मरणाचे उपकरण होते. समीक्षकांनी खेळाची मनापासून प्रशंसा केली. विक्री मात्र कंपनीच्या अपेक्षेइतकी झाली नाही आणि त्याच वर्षी तो चमू विखुरण्यात आला. चकाकी नसल्याने ग्राहक आले नाहीत काय, हे निश्चयाने सांगता येणार नाही. परंतु संयमाला बाजारात हमखास मोल मिळते, हा युक्तिवाद या उदाहरणापुढे टिकत नाही.

उलट बाजूने, प्रगत चित्रणाचा खर्च पुरेपूर वसूल करणारे खेळही आहेत. माँट्रियलच्याच चमूचा ‘स्प्लिंटर सेल’ (२००२) घ्यावा. त्या वेळी नवलाच्या असलेल्या, तत्क्षणी गणिल्या जाणाऱ्या सावल्या हाच त्याचा विषय. नायक अंधारात दडतो, दिवा फोडून अंधार निर्माण करतो, आपण किती उजेडात आहोत हे सतत पाहत राहतो. सावली खोटी रंगविलेली असती तर हा खेळच उभा राहिला नसता.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ (२०१८) चे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. आठ वर्षांच्या आसपास चाललेली निर्मिती, आणि प्रसिद्धीच्या तोंडावर आठवड्याला शंभर तासांच्या कामाचा निर्मात्याकडूनच झालेला उल्लेख (तो काही ज्येष्ठ लेखकांपुरता होता असे मागाहून सांगण्यात आले) यांमुळे त्या वैभवामागील श्रमांची चर्चा झाली. त्यातील पुष्कळसा तपशील मला व्यर्थ वाटतो. चित्रणात इतका मोकळेपणा असूनही नेमून दिलेल्या कामगिरीत वाट जरा सोडली की अपयश पदरी येते. डोळ्यांना दिलेले स्वातंत्र्य हातांना नाकारलेले आहे. पण आर्थर मॉर्गन या नायकास क्षय होतो तेव्हा चित्र पालटते. त्याचा चेहरा आठवड्यांमागून आठवडे ओढत जातो, डोळे लालसर होतात, अंगावरचे कपडे सैल वाटू लागतात. आरशासमोर दाढी करताना खेळाडू हा ऱ्हास आपल्या हाताने, आपल्या गतीने पाहतो. तोवर साठ-सत्तर तास त्याच देहात घालविलेले असतात. येथे लोकधर्मी चित्रणाला पर्याय नव्हता. संकेताने हे साधले नसते. या एका चेहऱ्यासाठी झालेला खर्च मी मान्य करीन, घोड्यांच्या नालांखाली दबणाऱ्या बर्फाबाबत मात्र मला शंका आहे.

शेवटी जतनाविषयी एक नोंद. मेकनरने १९८९ च्या खेळाची मूळ आज्ञावली हरवली असे मानले होते. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरात जुन्या तबकड्या सापडल्या, जाणकारांच्या साह्याने त्या वाचण्यात आल्या आणि ती आज्ञावली सर्वांसाठी खुली करण्यात आली. छायापुरुष कोणत्या क्रियेने निर्माण झाला, हे आज कोणताही विद्यार्थी स्वतः तपासू शकतो. पुणे आणि मुंबई येथील कलावंतांनी घडविलेल्या राजपुत्राची स्थिती वेगळी आहे. त्याचे दालन, त्याची धाव, त्याने उलटविलेला काळ यांपैकी सर्वसामान्य अभ्यासकाला उपलब्ध आहे ती केवळ २०२० ची ती झलक, आणि तीत अधिक दिसतात ते चेहरेच.